ध्यानाला नवीन बसणाऱ्यांसाठी

मन भरकटतं म्हणजे ध्यान जमत नाही, असं समजू नका. नाकपुडीपाशी श्वास जाणवत असतो, तेवढ्यात लाइटबिल आठवतं. आठवलं हे लक्षात आलं की परत श्वासावर या. सराव तो हाच. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर दहा दिवसांच्या शिबिरात सुरुवातीचे तीन दिवस हेच करून घेतात. पण थेट तिथे धडकू नका. आधी घरी रोज दहा मिनिटं बसा, गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर. २०१४ साली ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला: चिंता काही प्रमाणात कमी होते, ताणाबाबत पुरावा कमकुवत, एकाग्रतेबाबत तर अपुराच. त्यामुळे जाहिरातींना भुलू नका (ॲपवाल्यांचं तर विचारूच नका). बसल्यावर घाबरंघुबरं होत असेल तर रेटू नका, डॉक्टरांशी बोला. चालू असलेल्या गोळ्याही मनाने बंद करायच्या नाहीत.