सैतान क्लबला घाबरून पेनसिल्व्हेनिया कॅन्सल करू नकोस

तू विचारलंस की मे महिन्यात एल-वनवर (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमला यायचं ठरतंय, पण बायकोने कुठेतरी वाचलं की तिकडे शाळेत सैतानाचा क्लब आहे आणि आता ती म्हणतेय पोरीला घेऊन मी येणारच नाही. आधी हसलो, मग आठवलं की 2023 ला आमच्याही घरी हाच गोंधळ झालेला.

क्लबची बातमी खरी आहे. हेलरटाउन, सॉकन व्हॅली स्कूल डिस्ट्रिक्ट (म्हणजे तिथल्या सरकारी शाळांचा कारभार बघणारा विभाग), बेथलेहेमपासून जवळच. चालवणारी संस्था सेटॅनिक टेम्पल, 2013 ची, मुख्यालय मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला. पण ही मंडळी सैतान खरोखर आहे असं मानतच नाहीत, देव पण नाही आणि सैतान पण नाही, सैतान म्हणजे फक्त सत्तेपुढे मान न तुकवणाऱ्याचं प्रतीक. क्लबात सायन्स, कोडी, क्राफ्ट असलं चालतं, कोंबडं-बिंबडं कापत नाहीत, हे वहिनींना मुद्दाम सांग. (1966 चं ते अँटन लावेचं चर्च ऑफ सेटन वेगळं, दोघांचं आपसात पटत पण नाही.)

मग शाळेतच कशाला कडमडतात? तर 2001 साली सुप्रीम कोर्टाने गुड न्यूज क्लब नावाच्या ख्रिश्चन क्लबच्या बाजूने निकाल दिला की शाळा सुटल्यावर जागा बाकीच्यांना देताय तर केवळ धार्मिक म्हणून यांना नाही म्हणू नका. तोच निकाल धरून हे 2016 पासून जिथे बायबल क्लब तिथे आमचा पण, असं करतात. सॉकन व्हॅलीत आधी परवानगी मिळाली, मग शाळेला धमकी आली, लोक खवळले, परवानगी रद्द, म्हणून टेम्पलने केस केली. मे 2023 ला फेडरल जजने (ट्रम्पनीच नेमलेला बरं का) क्लबच्या बाजूने ऑर्डर दिली आणि नोव्हेंबरात सेटलमेंट झाली, डिस्ट्रिक्टने द्यायचे वकिलांच्या फीचे 2 लाख डॉलर आणि टेम्पलला भरपाई किती, तर 1 डॉलर!

दरवेळी जिंकतात असं नाही, बोस्टनच्या सिटी कौन्सिलमध्ये प्रार्थना म्हणायला मिळावी म्हणून भांडले तिथे हरले. मला स्वतःला ते जरा नाटकीच वाटतात, शिंगंवाला पुतळा ट्रकवर घालून फिरवणं वगैरे. पण ओक्लाहोमाचा किस्सा ऐक. 2012 ला तिथे विधानभवनाच्या आवारात टेन कमांडमेंट्सची (बायबलमधल्या दहा आज्ञांची) शिळा बसवली, मग यांनी त्या पुतळ्यासाठी अर्ज केला आणि एका हिंदू संस्थेने हनुमानाची मूर्ती बसवू द्या म्हणून मागणी केली, म्हणजे सैतान आणि मारुतीराया एकाच रांगेत! 2015 ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने शिळाच काढायला लावली त्यामुळे कोणाचंच काही बसलं नाही. आणि 2007 ला अमेरिकेच्या सिनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली तेव्हा गॅलरीतून लोकांनी ओरडून व्यत्यय आणला होता. इथे आपणही त्या रांगेतलेच रे. आमच्या मंडळाचा गणपती शाळेच्या ऑडिटोरियममध्ये बसतो, भाडं भरून, तो पण ह्याच नियमावर. उद्या शाळेने आवडनिवड सुरू केली तर सैतानानंतर नंबर कोणाचा लागेल तूच सांग.

आता कामाचं. शाळा सुटल्यानंतरच्या असल्या क्लबना पालकांची सही लागते, मूल आपोआप जात नाही. पण सही करायच्या आधी फॉर्म नीट वाच, कारण मी वाचला नव्हता. गोष्टी, गाणी, खाऊ एवढंच बघितलं आणि सही ठोकली, तो निघाला बायबल क्लब, लिहिलेलं होतं सगळं, माझीच चूक. तिसऱ्या आठवड्यात लेकीने जेवताना विचारलं, बाबा, आजी येशूला मानत नाही मग ती नरकात जाणार का? आई तेव्हा इथेच होती, समोर बसून भात कालवत होती. ती म्हणाली, जाईन की, तिथे तरी थंडी नसेल.

घराचं विचारलंस त्याचं वेगळं लिहितो, आधी तुझं ऑफिस नक्की कुठल्या बाजूला ते कळव.