तरुण पिढी आपापल्या देशाच्या नेत्यांवर इतकी का चिडली आहे?

तरुणांना राजकारणात रस नसतो, हे मला अजिबात पटत नाही. दार बंद दिसलं की चीड येते. बांगलादेशात २०२४ मध्ये सरकारी नोकऱ्यांतल्या ३० टक्के जागा स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांना राखीव ठेवण्यावरून विद्यार्थी रस्त्यावर उतरले. शेकडो जीव गेले, आणि ५ ऑगस्टला तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांना देश सोडावा लागला.

नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ मधली समाजमाध्यमांवरची बंदी ही तरुणांच्या आंदोलनाची फक्त ठिणगी होती. पोटासाठी परदेशी जाणारी पोरं एकीकडे, नेत्यांच्या मुलांचा थाट दुसरीकडे, ही खदखद जुनीच. (आंदोलकांवरच्या गोळीबारात विद्यार्थीही गेले, ते आठवलं की अजून गलबलतं.) २०१५ च्या अखेरीपासून तिथं ओली, प्रचंड आणि देउबा हेच आलटूनपालटून पंतप्रधान होत होते. मग मत देऊन काय बदलणार, हा तिथल्या तरुणांचा प्रश्न मला रास्तच वाटतो.