वाचकांचे प्रश्न : बेंगळूर की पुणे, पगार कुठे पुरतो?

प्रश्न : मुलाला दोन नोकऱ्या आल्या आहेत. बेंगळूरला वर्षाचं पॅकेज ७ लाख २० हजार, पुण्याला ६ लाख. बेंगळूरच्या पॅकेजमधले ७२ हजार 'व्हेरिएबल' आहेत. एका खोली-हॉल-किचनचं भाडं बेंगळूरला २२ हजार, वर मेंटेनन्स अडीच हजार आणि डिपॉझिट दीड लाख. पुण्यात मेंटेनन्ससह १८ हजार, डिपॉझिट ५० हजार. १० हजारांचा फरक सोडावा का? – एक पालक, खानापूर

उत्तर : महिन्याला १० हजारांचा फरक पॅकेजमध्ये आहे, हातात येणाऱ्या पगारात नाही. तिथूनच सुरुवात करू.

बेंगळूरचे महिन्याचे ६० हजार होतात. त्यातून ६ हजार व्हेरिएबल बाजूला काढा, ते वर्षाअखेरीला मिळतात आणि पूर्ण मिळतीलच असं नाही. पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर कापत असतील तर कंपनीचे १,८०० आणि मुलाचे १,८०० पॅकेजमधूनच जातात. मूळ पगार निम्मा धरला तर ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे साधारण १,४५०, आणि व्यवसाय कर २००. हातात उरतात सुमारे ४८,७५०. हाच हिशेब पुण्याच्या ५० हजारांना लावला तर हातात ४५ हजार. दोन्हीकडे नव्या करप्रणालीत आयकर शून्य आहे, कारण २०२५-२६ पासून पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर लागत नाही. म्हणजे खरा फरक ३,७५० रुपयांचा.

आता खर्च. भाडं आणि मेंटेनन्स मिळून बेंगळूर ६,५०० रुपयांनी महाग. डिपॉझिट एक लाखाने जास्त आहे. ते पतसंस्थेतून १२ टक्क्यांनी काढलं तर महिन्याला १,००० रुपये व्याज. घरचेच पैसे असले तरी ठेवीवरचं व्याज बुडतंच. बेंगळूरला घर सोडताना रंगकामाचं म्हणून बहुतेक मालक एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापून घेतात. दोन करार, म्हणजे २२ महिने राहिला तर त्याचे महिन्याला १,०००. पुण्यात ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं मानीव (मिळतं असं धरलेलं) व्याज यांच्या पाव टक्का, म्हणजे तुमच्या आकड्यांवर पाचशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात १,०००. हे दीड हजार ११ महिन्यांवर पसरले तर महिन्याला १३६ पडतात.

गोळाबेरीज केली आणि पुण्याचे हे १३६ वजा केले तर बेंगळूरचा जादा खर्च ८,३५० च्या घरात जातो आणि जादा पगार ३,७५० आहे. मुलगा एकटा राहणार असेल तर पुणे महिन्याला साडेचार हजारांनी सरस. पण खोलीत एक भागीदार मिळाला की हा जादा खर्च निम्म्यावर, सुमारे ४,२०० वर येतो आणि दोन्ही शहरं जवळजवळ बरोबरीत येतात. त्यावर व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर बेंगळूर पुढे. तेव्हा मुलाला दोनच गोष्टी विचारायला सांगा : मागच्या दोन वर्षांत त्या टीमला व्हेरिएबल किती टक्के मिळालं, आणि सोबत राहायला कोण आहे. भाजी, किराणा, मोबाईल यांत इतका फरक पडत नाही की निर्णय फिरावा.

बेंगळूरला घर पाहताना पाण्याचं मात्र नक्की विचारा : कावेरीचं आहे, बोअरचं की टँकरचं? मार्च २०२४ च्या टंचाईत तिथल्या जिल्हा प्रशासनाने ५ किलोमीटरच्या आतल्या १२ हजार लिटरच्या टँकरला १,००० रुपये दर ठरवून दिला होता. बारा घरांच्या इमारतीत रोज घरटी ५०० लिटर पाणी लागलं तर महिन्याला असे १५ टँकर लागतात, म्हणजे घरटी १,२५०. हे पैसे मेंटेनन्समध्ये मिसळले जातात किंवा उन्हाळ्यात वेगळे मागितले जातात. म्हणून डिसेंबरची पावती पाहून समाधान मानू नका, मार्च ते मे महिन्यांच्या पावत्या मागा. ताबा घेताना नळ, गीझर, भिंतीचे कोपरे यांचे फोटो आणि विजेच्या मीटरचं रीडिंग मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. डिपॉझिट परत मिळवताना हाच पुरावा कामाला येतो.

प्रश्न : कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेची मोफत वीज भाड्याच्या घरात मिळते का? – वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : मिळते. भाडेकरूला आधार आणि भाडेकरार दाखवून सेवासिंधू या सरकारी पोर्टलवर नोंद करता येते. दोन ठिकाणी लोक फसतात. महिन्याला २०० युनिटच्या वर गेलात तर फक्त वरच्या युनिटांचं नव्हे, पूर्ण बिल भरावं लागतं. आणि आधीचा भाडेकरू आपलं आधार त्या मीटरवरून न काढता गेला असेल तर तुमची नोंद अडते. ते 'डी-लिंक' करायची सोय आहे, ती त्याच्याकडून करून घ्या. गावच्या घराच्या मीटरला तुमचंच आधार जोडलेलं असेल तर दुसऱ्या मीटरला ते चालत नाही.

प्रश्न : मुलीला पुण्यात नोकरी लागली. बेंगळूरला बायकांना बस फुकट आहे, मग पुणे महागच पडणार ना? – आई, निपाणी

उत्तर : रोजच्या प्रवासापुरतं खरं आहे. शक्ती योजनेत ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे, बेंगळूरच्या शहर बसचाही. पुण्यात पीएमपी या शहर बससेवेचा मासिक पास २०२५ च्या भाडेवाढीनंतर १,५०० रुपयांचा झाला. पण बेंगळूरचं ऑफिस मेट्रोवर असेल तर शक्ती तिथे चालत नाही, आणि फेब्रुवारी २०२५ पासून मेट्रोचं कमाल तिकीट ९० रुपये आहे. रात्रीच्या लांब पल्ल्याच्या स्लीपर, राजहंस, ऐरावत या गाड्याही योजनेबाहेर आहेत, म्हणजे बेंगळूरहून त्या गाड्यांनी घरी येताना तिकीट काढावंच लागेल.

निपाणीकरांसाठी पुण्याची बाजू घरी येण्याच्या खर्चात आहे. अंतर बेंगळूरच्या निम्म्याहून थोडं कमीच, आणि शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघाली तर मध्यरात्रीपर्यंत घरी. महाराष्ट्र एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं लागू असल्याने कागलच्या पुढच्या टप्प्याचं पूर्ण भाडं द्यावं लागतं. गणपती-दिवाळीला रेल्वेने यायचं असेल तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी काढा. आणि मुलीच्या आधारवरचा पत्ता घाईने पुण्याचा करू नका. तो बदलला की गावी आल्यावर शक्तीचा मोफत प्रवास बंद.

प्रश्न : इंटरनेटवरच्या महागाईच्या निर्देशांकात एका शहराचा आकडा जास्त, दुसऱ्याचा कमी दिसतो. त्यावर विश्वास ठेवावा का? – विद्यार्थी, टिळकवाडी

उत्तर : निर्देशांक दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत फार होते. सरकारचा ग्राहक किंमत निर्देशांक शहराची तुलना त्याच शहराच्या जुन्या दरांशी करतो. कामगार ब्युरोच्या औद्योगिक कामगार निर्देशांकात बेळगाव, बेंगळूर, पुणे, मुंबई अशी केंद्रं आहेत आणि २०१६ हे वर्ष १०० धरलेलं आहे. उद्या बेळगावचा आकडा मुंबईपेक्षा मोठा दिसला तर त्याचा अर्थ २०१६ नंतर बेळगावात दर जास्त वेगाने वाढले, एवढाच. मुंबई स्वस्त झाली असा नव्हे.

दुसरा प्रकार न्यूयॉर्कला १०० धरून शहरांची तुलना करणारा. तिथले दर बहुधा वापरणारेच भरतात, टोपलीत, म्हणजे हिशेबात धरलेल्या वस्तूंच्या यादीत, हॉटेलचं जेवण, जिम, आयात वस्तू असतात, आणि भाडं बऱ्याचदा वेगळ्या आकड्यात असतं. मेसमध्ये जेवणाऱ्या आणि घरून तांदूळ नेणाऱ्या मुलाला ती टोपली लागू पडत नाही. आपली टोपली आपणच लिहावी, आणि भाड्याचे आकडे त्याच भागात राहणाऱ्या गावच्या माणसाकडून घ्यावेत.

प्रश्न : केए-२२ ची (बेळगाव क्रमांकाची) दुचाकी पुण्याला न्यावी का? – वाचक, अनगोळ

उत्तर : बेंगळूरला नेली तर नवा क्रमांक घ्यावा लागत नाही, एकच राज्य आहे. पुण्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर मोटार वाहन कायद्यानुसार नवा क्रमांक घ्यावा लागतो. आधी बेळगाव आरटीओतून फॉर्म २८ वर एनओसी (ना हरकत दाखला). कर्ज फिटलेलं नसेल तर बँकेचं ना हरकत पत्र लागतं, आणि बहुतेकांचं काम तिथेच महिनोन्महिने अडकतं. मग पुणे आरटीओत फॉर्म २७, पत्त्याचा पुरावा, विमा, पीयूसी, आणि गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा कर. नवं आरसी आलं की त्याची प्रत जोडून बेळगावला भरलेल्या आजीवन कराचा उरलेला भाग परत मागता येतो. हा अर्ज बरेच जण करतच नाहीत. गाडी सात-आठ वर्षांची असेल तर कर, चकरा आणि वेळ पाहता ती घरी ठेवावी आणि पुण्यात जुनी एमएच-१२ किंवा एमएच-१४ ची घ्यावी. घेताना आरसी आपल्या नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.