ड्रायव्हिंग टेस्टला जाताना गाडीतल्या ‘असिस्ट’ सोयी चालू ठेवाव्यात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: घरी नवी ऑटोमॅटिक एसयूव्ही आहे, तिच्यात मागचा कॅमेरा, हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय), लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवायला मदत करणारी सोय) आणि आपोआप लागणारा ब्रेक हे सगळे आहे, सराव तिच्यावरच झाला आहे, आणि पुढच्या महिन्यात पक्क्या लायसन्सच्या टेस्टला तीच गाडी नेली तर या सोयींमुळे इन्स्पेक्टर नापास करतील का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी मुंबईच्या पश्चिम उपनगरांत सोळा वर्षे गाडी शिकवते. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत हा प्रश्न मला कोणी विचारत नव्हते. आता महिन्याला एखादी विद्यार्थिनी तरी विचारतेच. माझे उत्तर असे आहे की जी सोय तुम्हाला फक्त सावध करते ती चालू राहू द्यावी, जी तुमच्या हातापायांचे काम स्वतः करते ती, आपोआप लागणारा ब्रेक वगळता, बंद करावी, आणि हिल होल्ड या दोन्हींच्या मधे बसत असल्यामुळे त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा.

आधी नियमाचे पाहू. टेस्टमध्ये उमेदवाराला काय काय करता आले पाहिजे याची यादी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ मध्ये दिली आहे. निघण्यापूर्वी आरसा नीट करणे, वळण्यापूर्वी आरसा पाहून मग इशारा देणे, अरुंद जागेत गाडी रिव्हर्समध्ये नेमकी घालणे, रस्ता आणि रहदारी पाहून वेग कमी-जास्त करणे, पादचाऱ्यांच्या आणि इतर चालकांच्या हालचालींचा आधीच अंदाज घेणे, अशा गोष्टी तिच्यात येतात. ही यादी तयार झाली तेव्हा मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी धावत होत्या, त्यामुळे कॅमेरा आणि सेन्सर यांचा तिच्यात उल्लेख नाही. म्हणूनच ‘कायद्याने बंदी आहे’ असे छातीठोकपणे सांगणारे शेजारी आणि ‘सगळे चालते, काही होत नाही’ म्हणणारे एजंट या दोघांचेही बोलणे मनावर घेऊ नका. यादीतले प्रत्येक वाक्य उमेदवाराने काय करावे हे सांगते आणि इन्स्पेक्टरही तेवढेच पाहतात. गाडी जागेत नीट बसली, पण ती तुम्ही बसवली की गाडीने स्वतः बसवली, अशी शंका त्यांच्या मनात आली की पुढचे सगळे त्यांच्या निर्णयावर राहते.

परदेशात याबाबत लेखी खुलासे आहेत. कॅलिफोर्नियात टेस्टच्या वेळी मागचा कॅमेरा चालतो, मात्र मान वळवून मागे पाहण्याऐवजी तो वापरता येत नाही, आणि स्वतः पार्क होणारी यंत्रणा किंवा ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल (समोरच्या गाडीनुसार वेग आपोआप सांभाळणारी सोय) वापरायला मनाई आहे. ब्रिटनमध्ये हिल स्टार्ट असिस्ट, म्हणजे हिल होल्डच, असलेली गाडी टेस्टला नेता येते. हे नियम आपल्याला लागू नाहीत, पण सावध करणारी सोय आणि काम करणारी सोय यांत त्यांनीही फरक केला आहे, एवढ्यासाठी सांगितले.

आता हिल होल्ड. नियमात चढाबद्दल जे म्हटले आहे त्याचा आशय असा की उमेदवाराने तीव्र चढावर गाडी थांबवावी आणि हँडब्रेकचा, किंवा ॲक्सिलरेटर आणि फूटब्रेकचा, योग्य वापर करून ती मागे न सरकू देता पुन्हा पुढे न्यावी. हिल होल्ड नेमके हेच काम हलके करते: ब्रेकवरून पाय काढल्यावरही साधारण दोन सेकंद ती ब्रेकचा दाब धरून ठेवते, आणि तेवढ्या वेळात तुम्ही ॲक्सिलरेटर दिलात तर गाडी सुरळीत पुढे जाते. अडचण त्या दोन सेकंदांनंतर सुरू होते. पाय उचलला, पण समोरची गाडी हलली नाही म्हणून तुम्ही थबकलात, तर तिसऱ्या सेकंदाला दाब सुटतो, आणि जिने कधी हँडब्रेकवर गाडी धरलेली नाही तिची गाडी मागे जाऊ लागते. ऑटोमॅटिकमध्ये ‘डी’ टाकलेला असेल तर गाडी हलक्या चढावर स्वतःच रेंगाळत पुढे जाते किंवा निदान जागेवर राहते, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही. बिल्डिंगच्या पोडियम पार्किंगचा रॅम्प आला की लक्षात येते.

हिल होल्डची मोठी बहीण म्हणजे ऑटो होल्ड, आणि लोक या दोघींची सर्रास गल्लत करतात. ऑटो होल्ड गाडी दोन सेकंद नव्हे, तर ॲक्सिलरेटर देईपर्यंत धरून ठेवते, आणि तिचे बटण बहुधा गिअरच्या आसपासच असते. सिग्नलला ती फार सुखाची आहे, मीही वापरते. टेस्टच्या मैदानावर मात्र ती दगा देते. गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी मुलाच्या गाडीवर शिकून आली होती. चढावर थांबली, पाय काढला, गाडी हलेना. तिला वाटले, ॲक्सिलरेटर कमी पडला, म्हणून तिने आणखी दाबला. ब्रेक सुटला त्या क्षणी गाडीने अशी उडी घेतली की शेजारच्या सीटवरची माझी पाण्याची बाटली थेट मागच्या सीटखाली गेली. सराव होता म्हणून निभावले. टेस्टच्या दिवशी असे झाले असते तर ‘गाडीवर ताबा नाही’ या शेऱ्याला उत्तर नव्हते. तेव्हा ऑटो होल्ड बंद ठेवा. हिल होल्ड पुष्कळ गाड्यांत बंदच करता येत नाही; ते चालू राहिले तर बिघडत नाही, मात्र आठवडाभर ते नाहीच असे समजून सराव करा. चढावर थांबा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवरून पाय पूर्ण काढा, पाचपर्यंत मोजा, मग ॲक्सिलरेटर देऊन गाडी किंचित ओढू लागली की हँडब्रेक सोडा. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर तो बटणाने लावायचा आणि काढायचा सरावही करून ठेवा, कारण काही गाड्यांत सीटबेल्ट लावलेला नसेल तर तो आपोआप सुटत नाही आणि माणूस गडबडून जातो.

मागच्या कॅमेऱ्याबद्दल माझे मत जरा कडक आहे. तो बंद करा असे मी म्हणत नाही, आणि रिव्हर्स टाकताच पडदा उजळतो तो टाळताही येत नाही. मागचे पार्किंग सेन्सर तर १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये सक्तीचे आहेत, त्यामुळे त्यांच्या ‘टूं टूं’ला कोणी आक्षेप घेण्याचे कारण नाही. प्रश्न तुमच्या मानेचा आहे. इन्स्पेक्टर शेजारी बसलेले असोत किंवा बाहेर उभे असोत, त्यांना तुमचा पडदा नव्हे, तुमचे डोके दिसते. रिव्हर्स घेताना ते डावीकडे, उजवीकडे, मागच्या काचेकडे वळले नाही, तर गाडी कितीही सरळ गेली तरी तुम्ही मागे पाहिले नाही हे त्यांना कळतेच.

कॅमेऱ्याची भिंग रुंद कोनाची असते, त्यामुळे मागची वस्तू असते त्याहून लांब दिसते. पावसाळ्यात त्या भिंगावर एक थेंब बसला की मागचा खांब वितळल्यासारखा दिसतो, आणि चिखल उडाला की तेवढेही दिसत नाही. मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये टेस्ट असेल तर गाडीत एक सुके फडके ठेवा, आणि त्याने भिंगाच्या आधी आरसे पुसा. माझ्याकडे शिकणाऱ्या एक ताई सहा महिने कॅमेऱ्यावर शिकल्या आणि टेस्टला आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये बसल्या. रिव्हर्स टाकल्यावर त्यांची नजर सवयीने डॅशबोर्डच्या मधोमध गेली. तिथे रेडिओ होता. तीन-चार सेकंद त्या त्या रेडिओकडेच पाहत राहिल्या, गाडी चालत राहिली, आणि मागचा ड्रम आडवा झाला. कॅमेऱ्यावर कागद चिकटवून चार दिवस फक्त आरशांत रिव्हर्स घेतले असते तर ही वेळ आली नसती. तुम्हीही तेवढे करा. सकाळी लवकर आरे कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर गेलात तर सरावाला जागा आणि वेळ दोन्ही मिळतात.

लेन असिस्ट आणि क्रूझ कंट्रोल यांची चिंता सर्वांत कमी करा. पुष्कळ गाड्यांत लेन असिस्ट ताशी ६० किलोमीटरच्या आसपास जागे होते, आणि आरटीओच्या मैदानावर किंवा त्यालगतच्या रस्त्यावर तुम्ही वीस-तीसच्या वर जाणार नाही. शिवाय मुंबईत रस्त्यावरचे पांढरे पट्टे शिल्लक तरी कुठे असतात! तरीही बंद करून जा, कारण हे असिस्ट चुगली करते: इंडिकेटर न देता लेन बदललीत की स्टिअरिंग थरथरते किंवा उलट दिशेला ओढते, आणि तुम्ही विसरलेला इंडिकेटर शेजारच्याला आवाजासकट कळतो.

आपोआप लागणारा ब्रेक मात्र मी बंद करायला सांगणार नाही, कारण तुमच्या स्वतःच्या गाडीत दुसरा ब्रेक नसतो. आमच्या गाड्यांना नियमानेच दुहेरी कंट्रोल असतात. शेजारी बसलेल्या माझ्या पायाखालचा ब्रेक ही या धंद्यातली सर्वांत जुनी असिस्ट सोय आहे असे मी विद्यार्थ्यांना गमतीने सांगते. टेस्टमध्ये तो मला दाबावा लागला तर निकाल काय लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि गाडीने स्वतः ब्रेक मारला तरी अर्थ तोच निघतो, की रिक्षा आडवी येते आहे हे तुम्हाला वेळेत दिसले नाही.

एक लहानशी गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय. गाडी थांबली की इंजिन बंद होते, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला वाटते की उमेदवाराने गाडी बंद पाडली. पुष्कळ गाड्यांत या सोयीचे बटण वाकड्या बाणाने वेढलेल्या ‘ए’ अक्षराचे असते. ते इंजिन सुरू केल्यावर दर वेळी नव्याने दाबावे लागते, कारण चावी फिरवली की सोय पुन्हा चालू होते.

राहिला गाडीच्या निवडीचा प्रश्न. आपल्याकडे लायसन्सवर एलएमव्ही (हलके मोटार वाहन) एवढाच वर्ग लिहिला जातो, ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल असा भेद नसतो, त्यामुळे ऑटोमॅटिकवर टेस्ट दिल्याने पुढे काही अडणार नाही. तुमचा हात जिच्यावर बसला आहे तीच गाडी न्या. विमा, पीयूसी आणि आरसी सोबत ठेवा, पुढेमागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावा आणि लायसन्स असलेले कोणी शेजारी बसवून आरटीओपर्यंत जा. इन्स्पेक्टर आले की नमस्कार करून सरळ सांगा, ‘साहेब, गाडी ऑटोमॅटिक आहे, ऑटो होल्ड आणि लेन असिस्ट बंद केले आहे, हिल होल्ड बंद होत नाही.’ मी शिकवलेल्या कोणालाही हे सांगितल्याबद्दल ओरडा बसलेला नाही. उलट एका साहेबांनी ऑटो होल्डचे बटण कुठे असते ते विचारून घेतले होते, त्यांची स्वतःची नवी गाडी घरी यायची होती म्हणून.

आणि समजा, जमले नाहीच, तर सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीन वेळा अपयश आले तरच शेवटच्या टेस्टपासून साठ दिवस थांबावे लागते. मात्र लर्निंग लायसन्सची मुदत सहा महिनेच असते, म्हणून त्यावरची तारीख आजच पाहून ठेवा.