गाव खेड तालुक्यात, मत गुहागरला: रिट करावी का?

प्रश्न: आमचं गाव खेड तालुक्यात (जि. रत्नागिरी). तहसील, पोलीस ठाणं, बाजार सगळं खेडला; पण 2009 पासून विधानसभेचं मत गुहागर मतदारसंघात. जुना खेड मतदारसंघच गेला. ग्रामसभेने दोनदा ठराव केला, तहसीलदारांनी ‘आमच्या हातात नाही’ म्हणून परत पाठवला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालावर उच्च न्यायालयात रिट करावी, नाहीतर निवडणुकीवर बहिष्कार टाकावा, असं गावात चाललंय. काय करावं?

उत्तर: रिटचे पैसे वाचवा. तहसीलदारांनी सांगितलं ते खरं आहे.

आधी खेडची जागा का गेली ते पाहू, कारण गावात याला राजकीय डाव समजतात आणि मग अर्जही तसेच रागाने लिहिले जातात. न्या. कुलदीप सिंग यांच्या परिसीमन (म्हणजे मतदारसंघ पुनर्रचना) आयोगाने 2001 ची जनगणना धरली. राज्याची लोकसंख्या 9,68,78,627, जागा 288, म्हणजे एका जागेमागे सुमारे 3,36,400 माणसं. रत्नागिरी जिल्हा 16,96,777 चा. भागाकार येतो 5.04. जागा सातच्या पाच झाल्या. त्याच हिशेबाने ठाणे जिल्हा 13 वरून 24 वर गेला. कोकणातली माणसं कामाला जिथे गेली, तिथे जागाही गेल्या. खेड तालुका मग दापोली आणि गुहागर या दोन मतदारसंघांत वाटला गेला.

आता कोर्टाचं. राज्यघटनेचं कलम 329(क) आणि परिसीमन अधिनियम, 2002 चं कलम 10(2) एकत्र वाचा: राजपत्रात आलेला आदेश कायद्यासारखा, आणि त्याला कोणत्याही न्यायालयात आव्हान नाही. मेघराज कोठारी प्रकरणात (1966) उज्जैनच्या मतदाराला सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. असे आदेश कोर्टात अडकू दिले, तर निवडणुकाच होणार नाहीत, हे त्यामागचं कारण.

2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, गुजरातच्या बारडोली मतदारसंघाचा, तुम्हाला अर्धाच सांगितलेला दिसतो. आदेश उघडउघड मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालय पाहू शकतं, दार पूर्ण बंद नाही, एवढं त्यात आहे. तो वाद राखीव जागेचा होता आणि त्या निकालाने मतदारसंघ काही बदलला नाही. ‘गुहागर आम्हाला लांब पडतं’ हे गैरसोयीचं कारण झालं, मनमानीचं नाही. त्यात इतक्या वर्षांचा उशीर. पहिल्या तारखेला तोच प्रश्न येईल.

एक शक्यता मात्र आजच तपासा. आयोगाच्या 2008 च्या आदेशात तालुका अर्धवट घेतला असेल तिथे गावांची नावं सहसा नसतात, महसूल मंडळांची असतात. तुमचं गाव कोणत्या सजात (तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात) आणि ती सजा तेव्हा कोणत्या मंडळात होती, याचा दाखला ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून (म्हणजे पूर्वीचे तलाठी) घ्या आणि मतदार यादीच्या पहिल्या पानाशी ताडा. आदेशाप्रमाणे मंडळ दापोलीत आणि यादी गुहागरची निघाली, तर ती यादीतली चूक. ती मतदार नोंदणी अधिकारी दुरुस्त करू शकतात. त्यांनी नकार दिला तर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील. असं क्वचित निघतं, पण तपासायला दोन चकरा पुरतात.

‘गाव दुसऱ्या मंडळात किंवा तालुक्यात घालून घेऊ’ ही युक्ती कोणी सुचवली तर त्यामागे लागू नका. परिसीमन अधिनियमाच्या कलम 11 प्रमाणे निवडणूक आयोग आदेशातली नावं अद्ययावत करतो, मतदारसंघाची हद्द हलवत नाही. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला, तेव्हा सहा मतदारसंघांचा जिल्हा बदलला. हद्दी होत्या तिथेच राहिल्या. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण हे वेगळंच प्रकरण. त्यांचा विधानसभेशी संबंध नाही.

बहिष्काराने काही हलत नाही. मतदान किमान इतकं झालंच पाहिजे, अशी अट कायद्यात नाही. स्वतः मत न देणं गुन्हा नाही. दुसऱ्याला धमकावून अडवलंत तर मात्र तो निवडणुकीतला गुन्हा होतो.

तुमची संधी पुढच्या पुनर्रचनेत आहे. 84 व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत गोठवली, आणि जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. पुनर्रचनेसाठी संसद नवा कायदा करेल. पण 1952, 1962, 1972 आणि 2002 या चारही कायद्यांत क्रम एकच होता: मसुदा राजपत्रात, हरकतींसाठी मुदत, मग जाहीर सुनावणी. मुदत थोडी असते आणि तेवढ्यात कागद जमत नाहीत. म्हणून आत्तापासून फाईल करा.

फाईलमध्ये भावना नको. 2002 च्या अधिनियमातल्या कलम 9 चे निकष आहेत: सलग भूभाग, नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण, लोकांची सोय. तुमचा सर्वांत दणकट मुद्दा वाशिष्ठी. गुहागर तालुका नदी-खाडीच्या दक्षिणेला, खेड उत्तरेला. नकाशावर ते दाखवा. खेड आणि गुहागर दोन्हीकडची रस्त्याची अंतरं आणि एसटीच्या फेऱ्या लिहा. ठराव एका गावाचा नको, मंडळातल्या सगळ्या ग्रामपंचायतींचा घ्या, कारण एकटं गाव सहसा हलत नाही.

हरकती पडतात त्या पुढच्या मुद्द्यावर: तुम्ही गुहागरमधून निघालात तर तेवढी लोकसंख्या कुठून भरायची? गेल्या वेळी सरासरीपेक्षा साधारण 10 टक्के कमीजास्त चालवून घेतलं होतं. गावनिहाय जनगणनेचे आकडे लावून गुहागरला दुसरं कोणतं मंडळ जोडता येईल ते तुम्हीच मांडा. आयोगावर राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य होते. त्यांना मत नव्हतं, पण वेगळा प्रस्ताव देता येत होता आणि तो मसुद्यासोबत छापला जायचा. नवी नावं जाहीर झाली की पहिली प्रत त्यांना पोचवा.

‘जुना खेड परत द्या’ ही मागणी मात्र जपून करा. 2011 च्या जनगणनेत जिल्हा 16,15,069 वर उतरला आणि राज्य 11,23,74,333 वर गेलं. जागा 288 च धरल्या तर भागाकार 4.14 येतो. एकूण जागा वाढल्या नाहीत तर जिल्ह्याला पाचवी जागा राखणंही जड जाईल. मागणी ‘आमचं मंडळ खेड शहराबरोबर ठेवा’ एवढीच लिहा.