जपानच्या होक्काइदो बेटावरचं तोमुराउशी शिखर फक्त २१४१ मीटर आहे. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्याला उन्हाळ्यात जमेल का?

जमेल. दोर-हार्नेस कुठेच लागत नाही आणि नियमित डोंगर चढत असाल तर पाय पुरतील. धास्ती ठेवायची ती हवेची.

कळसूबाईपेक्षा जेमतेम ५०० मीटर जास्त, हे खरं. पण तिथे झाडं बरीच खाली संपतात, पुढे वारा अडवायला काही नाही. १६ जुलै २००९ ला, म्हणजे भर उन्हाळ्यात, १८ जणांचा एक गट हिसागो तळ्याजवळच्या निवाऱ्यातून पाऊस-वाऱ्यात निघाला. त्यातले ८ जण गारठून मेले, एक गाइडसुद्धा. तापमान शून्याच्या वर होतं! ओले कपडे आणि वारा एवढंच पुरलं. आपल्याकडे पावसात मजेत भिजत चालतो, तसं इथे चालत नाही. रेनसूट चांगला घ्या, कोरडा गरम थर सॅकच्या वरच ठेवा आणि कुडकुडायला लागायच्या आधी चढवा.

मी तोमुराउशी ओनसेनच्या (गरम पाण्याच्या झऱ्याच्या) बाजूने गेलो होतो. वर कच्च्या रस्त्याने गाडी जाते, तिथून जाऊन-येऊन साधारण १० तास धरा. पहाटेच निघा. सुरुवातीला जंगलात चिखल इतका, की बूट काढताना चपाक आवाज येतो. मग कोमादोरी ओढ्याची घळ (जुलैच्या सुरुवातीला तिथे बर्फ असतो) आणि वर मोठाल्या दगडांची रास. तिथे जरा बसाच. दगडांतून तीक्ष्ण 'चीक्' ऐकू येते, आणि शोधत राहिलं तर गोल कानांचा, बिनशेपटीचा पाइका दिसतो. सशाचाच भाऊबंद, पण मुठीत मावेल एवढा. शिखरापेक्षा मला तोच जास्त आठवतो.

असाहिदाके शिखराकडून कड्याकड्याने येणारी काही दिवसांची वाट जास्त सुंदर आहे, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी ती सांगणार नाही. अधेमधे खाली उतरायला सोपी वाट नाही, आणि हिसागोच्या निवाऱ्यात जेवण मिळत नाही, सगळं पाठीवर न्यायचं.

ओढ्याचं पाणी उकळूनच प्या. कोल्ह्यांमुळे एकिनोकॉकस या परजीवीचा धोका असतो. तपकिरी अस्वलं आहेत, तेव्हा घंटी बांधा. वर शौचासाठी पोर्टेबल टॉयलेटची पिशवी न्यायची आणि ती भरलेली परत आणायची. गॅसचा डबा आणि अस्वल हाकलायचा स्प्रे विमानात नेता येत नाही, ते साप्पोरो किंवा असाहिकावात घ्या.