परसातले पाहुणे, घरातले पाहुणे

प्रश्न : आम्ही दोघं नोकरीतून मोकळे होऊन वाईजवळ राहायला आलो. एप्रिल लागला की पाहुण्यांची रीघ सुरू होते. यंदा मुलगी-जावई, नातवंडं आणि मग पुतण्याचं कुटुंब यायचं आहे. नेमकं आत्ताच पुढच्या दारावरच्या मधुमालतीत बुलबुलानं घरटं केलंय, अंडीही दिसतात. ते दुसऱ्या झाडावर हलवावं का? आणि दर वेळी सगळ्यांना महाबळेश्वरच दाखवायचं का? आम्हालाच आता त्या घाटाचा कंटाळा आलाय.
– एक वाचक, वाई तालुका

उत्तर : हलवू नका. जागा बदलली की बुलबुलाची जोडी बहुधा ते घरटं सोडून देते आणि अंडी वाया जातात. तुमची अडचण तशी थोड्याच दिवसांची आहे. अंडी दोनेक आठवड्यांत फुटतात आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत पिल्लं घरट्याबाहेर पडतात. तोवर पाहुण्यांनी मागच्या दारानं यावं-जावं. जावईबापूंना मागच्या दारानं कसं आणायचं, असं वाटत असेल तर त्यांना कारण सांगा. जावई शहाणे असतील तर चपला हातात घेऊन येतील.

खरा धोका आहे तो डोकावण्याचा. नातवंडं दर तासाला फांदी बाजूला करून बघू लागली की मादी उठते, अंडी उघडी पडतात, आणि कावळा किंवा भारद्वाज अशा संधीची वाटच बघत असतो. हो, भारद्वाज. दर्शन झालं की शुभ म्हणतो आपण, पण दुसऱ्यांची अंडी-पिल्लं तो आवडीनं खातो. मुलांना खिडकीच्या आतून, खोलीतला दिवा बंद ठेवून बघू द्या. पिल्लं फुटल्यावर आई-बाप दोघंही चारा आणतात. कोण काय घेऊन आलं, अळी की फळ, हे वहीत लिहायला बसवा. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे तेव्हापासूनचा हा माझा हुकमी उपाय आहे. मोबाइल मागायचं विसरतात.

मोठ्यांचं काय करायचं, हा प्रश्न जास्त अवघड. मागच्या मे महिन्यात आमच्याकडे नागपूरहून विहीणबाई आल्या होत्या. तिकडच्या उन्हातून सुटून आलेल्या, त्यामुळे वाईची दुपार त्यांच्या खिजगणतीत नव्हती. ऐन उन्हात पडवी झाडायला काढली. दिव्याच्या वायरीला लोंबणारं एक जळमट त्यांच्या डोळ्यांत आल्यापासून सलत होतं. केरसुणी घेऊन स्टुलावर चढल्या, तेव्हा आमचे हे, जे एरवी व्याह्यांकडच्या माणसांपुढे ‘हो, हो’च्या पलीकडे जात नाहीत, ते चक्क आडवे आले. ‘ताई, थांबा. ते कुणाचं तरी घर आहे.’

घर शिंजिराचं होतं, म्हणजे आपल्या सूर्यपक्ष्याचं. कोळ्याच्या जाळ्यानं चिकटवलेलं गवत, सालीचे कपटे, वाळकी पानं, सुरवंटांची विष्ठा असं काय काय त्यात असतं. केराचा गोळा वाटून शत्रूनं दुर्लक्ष करावं, हाच फायदा. फक्त त्यात विहीणबाई धरलेल्या नसतात. बाजूला भोक आणि त्यावर पावसा-उन्हाला अडवणारी इवलीशी वळचण. बांधते मादी एकटी, अंडी उबवतेही तीच. नर त्या काळात आमच्या स्कूटरच्या आरशातल्या नराशी भांडत होता. पिल्लं झाल्यावर मात्र भरवायला हजर. हे सगळं ह्यांनी सांगितल्यावर विहीणबाई स्टुलावरूनच म्हणाल्या, ‘आमच्याकडे वेगळं काय होतं?’ पुढे मुक्काम संपेपर्यंत त्यांचा सकाळचा चहा पडवीत, दिव्यापासून चार हात दूर, आणि पडवी झाडण्याची मनाई सगळ्यांना. पाहुण्याला एखाद्या घरट्याची राखण सोपवून पाहा.

आता फिरण्याचं. पक्षी बघायची वेळ सकाळची आणि उन्हाळ्यात बाहेर पडायचीही सकाळचीच, म्हणून घोळ होतो. आम्ही एक सकाळ परसाला देतो आणि एक फिरण्याला. परसाच्या दिवशी संध्याकाळी मेणवली. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट आणि घाटावरच्या छोट्या देवळातली ती पोर्तुगीज घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर आलेली ती. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेली मेरी आहे. मुलांना घंटा दाखवून ‘ही इथे कशी आली?’ एवढंच विचारा, पुढचा तास ती तुम्हाला सोडत नाहीत. नदीकाठचा एखादा वड फळाला आला असेल तर वर बघा. पानांच्याच रंगाचे हरियाल कवायत केल्यासारखे इकडून तिकडे सरकत असतात आणि आधी एकही दिसत नाही. हा आपला राज्यपक्षी, पण पाहुण्यांपैकी कुणालाच तो माहीत नसतो असा माझा अनुभव.

वाईतला ढोल्या गणपती तुम्ही दाखवतच असाल. त्या वेळी पाहुण्यांना देवळाच्या मागे न्या. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कृष्णेचा पूर दुभंगून बाजूनं जावा म्हणून. समोरून दर्शन घेऊन परतणाऱ्यांना हे दिसतच नाही.

महाबळेश्वर टळणार नाही, ते मी जाणते. मग मंगळवार-बुधवार गाठा आणि सहाच्या आत पसरणीचा घाट चढा. शनिवार-रविवारी मे महिन्यात तिथे जाणं म्हणजे पुढच्या गाडीची नंबरप्लेट पाठ करणं. पॉइंट दोनच करा. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात थोडं बसा आणि परत फिरा. प्रतापगड करायचा असेल तर वेगळ्या दिवशी. गड १६५६चा, खाली अफजलखानाचा प्रसंग १६५९चा, हे सगळ्यांना पाठ असतं. २०२५ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेल्याचंही पाहुणेच सांगतात. पायऱ्या उन्हात तापतात, हे तुम्ही सांगा. कासचं नाव मात्र मेमध्ये काढू देऊ नका. फुलं पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात, आत्ता नुसता कातळ आहे.

प्रश्न : पहाटे चारपासून कोकिळा ओरडते. माझ्या मामेसासूबाईंची झोप मोडते. काही उपाय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मामेसासूबाईंची खोली बदला. ओरडणारा नर आहे आणि पाऊस स्थिरावेपर्यंत तो ऐकणार नाही. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी गात नाही, नुसती ‘किक्-किक्’ करते आणि कावळ्याच्या घरट्यावर डोळा ठेवून असते. कावळ्यांचा वीण हंगाम आणि तिचा एकच. पुढे एखादा कावळा आपल्यापेक्षा निराळ्याच पिल्लाला भरवताना दिसला तर मामेसासूबाईंना जरूर दाखवा. सासूबाईंच्या पिढीला ही गोष्ट ऐकून ठाऊक असते, पाहिलेली क्वचितच.

प्रश्न : अंगणात पिल्लू पडलंय. मुलं त्याला दूध पाजतायत.
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी दूध थांबवा. पावही नको आणि चोचीत पाणी तर मुळीच ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. पिसं फुटलेलं, उड्या मारणारं पिल्लू असेल तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. मांजर बांधा किंवा कोंडा, पिल्लू जवळच्या झुडपात ठेवा आणि सगळे घरात जा. आई-बाप आसपासच असतात, माणसं हलल्याशिवाय येत नाहीत. अंगावर पिसं नसतील तर घरटं शोधून परत ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकून देते, हे खोटं आहे. घरटं सापडलं नाही तर वन विभागाला कळवा.

प्रश्न : पाण्याचं भांडं ठेवतो, पक्षी येत नाहीत.
– एक वाचक, पुणे

उत्तर : खोल असेल. मातीचं उथळ, दोन बोटं पाणी राहील असं पसरट भांडं घ्या, नाहीतर जुन्या कुंडीखालची थाळी. सावलीत ठेवा, पण झुडपाला चिकटून नको, तिथे मांजर दबा धरते. पाणी रोज बदला, थाळी आठवड्यातून एकदा काथ्यानं घासा, साबण नको. आणि एक नाही, दोन ठेवा. सातभाईंची टोळी एकदा आंघोळीला उतरली की बाकीच्यांना तिथे जागा उरत नाही.